भिंत पुसण्याचा आवाज

खोटं बोलायचं नाही, हे व्रत मी एकोणीस वर्षं पाळतेय. म्हणून हे सगळं खरं आहे, एवढं सांगितलं तरी पुरे झालं असतं.

पण त्या व्रताच्या आडूनच हे घडलं...

माझं दुसरं व्रत मौनाचं, तेही तेवढंच जुनं. सकाळी सहाला दिवा लावायचा आणि तो शांत होईपर्यंत ओठ उघडायचे नाहीत. तासभर लागतो. घरच्यांना, भाडेकरूंना, सगळ्यांना ते ठाऊक.

वरची खोली आम्ही एका शिवणकाम करणाऱ्या बाईला दिली होती. एकटीच होती. ओठांत टाचण्या धरून बोलायची, म्हणून आम्ही तिला टाचणीच म्हणायचो. ती रागवायची नाही.

पहिल्या थंडीत ती हसत खाली आली.

"ताई, तुमच्या भिंतीला मिशा फुटल्यात. काळ्याभोर! रोज सकाळी दाढी करते मी तिची."

मी वर जाऊन पाहिलं. मशिनमागची भिंत ओली होती. कोपऱ्यात काळी बुरशी. ती व्हिनेगरमध्ये फडकं बुडवून भिंत पुसायची, बादलीत पिळायची, पुन्हा पुसायची.

मी भावाला सांगितलं. घराचे व्यवहार धाकटाच बघतो.

"बघतो गं," तो म्हणाला.

बघता बघता दुसरी थंडी आली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर काळे ठिपके पडू लागले. टाचणीला खोकला जडला. तिने रीतसर पत्र दिलं. आमच्याकडच्या कायद्यात स्पष्ट आहे... लेखी तक्रार आली की चौदा दिवसांत मालकाने पाहणी करायची, ओल कुठून येते ते शोधून दुरुस्त करायचं. नुसता रंग फासून भागत नाही.

आम्ही रंगच फासला. तिच्या तक्रारीवरून पालिकेचे निरीक्षक येणार त्याच्या आदल्या दिवशी.

आणि भावाने त्यांना वेळ दिली सकाळी सव्वासहाची. "ताई, तू बस तुझ्या मौनात. बाकीचं मी निभावतो."

मला कळलं होतं, तो हीच वेळ का देतोय.

निरीक्षक वर जाऊन आले. भिंत पांढरीशुभ्र. दारात उभं राहून त्यांनी मलाच विचारलं, "ताई, ओल होती का हो?"

"त्यांचं मौन आहे," भाऊ म्हणाला. "ओल कसली, साहेब? बाई खिडकी उघडत नाहीत. दिवसभर इस्त्रीची वाफ!"

टाचणी जिन्यात उभी होती. तिने ओठांतल्या टाचण्या काढल्या. एकेक करून.

"ताई... तुम्ही पाहिलंय. तुम्ही तरी सांगा."

मी दिव्याकडे बघत राहिले. त्यात अजून बरंच तेल होतं.

निरीक्षकांनी कागदावर सही केली.

दीड महिन्याने टाचणी गेली. छातीच्या दुखण्याने. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं काहीतरी लिहिलं. मला कुणी काही विचारलं नाही.

खोली रिकामी केली. मशिन तिच्या भाचीने नेलं. बादलीसुद्धा नेली. कुलूप मी स्वतः लावलं.

पुढच्या सोमवारी सकाळी दिवा लावला, डोळे मिटले... आणि वरून आवाज आला.

खस्स... खस्स...

मग पिळल्याचा. मग थेंब पडल्याचे.

आणि व्हिनेगरचा वास.

दिवा शांत झाला तसा आवाज थांबला. मी किल्ली घेऊन वर गेले. खोलीत कुणी नव्हतं. पण नवा रंग पुसला गेला होता... जेमतेम तिचा हात पोचेल एवढ्या उंचीपर्यंत. खाली काळी बुरशी उघडी पडली होती.

"हलका रंग लागला," भाऊ म्हणाला. त्याने पुन्हा हात मारला.

दुसऱ्या दिवशी भिंत पुन्हा तशीच.

तिसऱ्या दिवशी एक जोडपं खोली बघायला आलं. वेळ... सकाळी सव्वासहा. त्यातल्या मुलीच्या कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ.

वर खस्स... खस्स... चालूच होतं. त्यांना ऐकू येत नसावं.

"खोलीत ओल नाही ना, ताई?" मुलीने विचारलं. "याला लगेच दम लागतो."

"त्यांचं मौन—" भावाने सुरुवात केली.

वरचा आवाज थांबला.

कुणीतरी कान देऊन उभं राहावं, तसा थांबला...

"आहे," मी म्हणाले.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दिव्यासमोर माझा आवाज फुटला. "भिंत ओली आहे. आधीही ओलीच होती. बाळाला इथे आणू नका, बाई."

वर बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला. कडी खणकली.

भाऊ पांढराफटक पडला. एवढं त्यानेही ऐकलं.

नंतर आम्ही भिंत फोडली. आत सांडपाण्याचा पाइप तडकलेला निघाला. एका दिवसाचं काम होतं ते. एका दिवसाचं! प्लंबरने पाइप बदलला, महिन्याभराने निरीक्षकांनी ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावलं. भिंत कोरडी ठणठणीत.

वरचा आवाज बंद झाला.

आता तो खाली येतो.

माझ्या देवघराच्या भिंतीतून. मी गप्प बसले की सुरू होतो. एकदा घाबरून मी मोठ्याने म्हटलं, "भाऊ खोटं बोलला!" तर फडकं जोरजोरात फिरायला लागलं. मग म्हटलं, "मला माहीत होतं. मी गप्प बसले." तेव्हा थांबलं.

त्या दिवसापासून माझं मौन सुटलं. रोज दिवा लावते आणि हेच म्हणते. आज तेच इथे लिहिलं.

ही भिंत कोरडी आहे. मी रोज हात लावून बघते. डाग नाही, बुरशी नाही, काही नाही.

मग ती रोज येऊन काय पुसते?

तेवढं विचारायचं धाडस मला होत नाही...