थोरल्याची फुंकर

वहिनीने औषधं आणायला पाठवलं होतं, तेवढंच. औषधं घेऊन धाकटा दवाखान्याच्या जिन्याशी पोचला, तर तिथल्या देखरेखीवाल्याने त्याला गाठलं. तळघरातलं थंड सोड्याच्या बाटल्यांचं मशीन पुन्हा गरम बाटल्या द्यायला लागलं होतं, आणि पेशंटचे नातेवाईक त्याचं डोकं खात होते.

"तुमचे दादाच बघायचे ते. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत," तो म्हणाला. मग त्याने जीभ चावली. कारण दादा वरच्याच मजल्यावर शेवटच्या घटका मोजत पडला होता.

धाकट्याला खरं तर बरंच वाटलं. भावाच्या खाटेपाशी नुसतं बसून राहणं त्याच्याने होत नव्हतं. औषधं देखरेखीवाल्याच्या हाती वर पाठवून तो गाडीतली हत्यारांची पिशवी घेऊन खाली उतरला.

दोघे भाऊ फ्रिज-दुरुस्तीच्या एकाच धंद्यातले, एका ताटात जेवलेले, पण कामाच्या पद्धतीवरून मात्र विळ्याभोपळ्याएवढं सख्य. थोरल्याला एक खोड होती. मशीनमधली गारव्याच्या गॅसची नळी मोकळी आहे का हे पाहायला तो सरळ तिला तोंड लावून फुंकायचा. "अरे, तोंडाची वाफ आत जाते, तीच गोठते आणि नळी बुजते," असं धाकट्याने कानीकपाळी ओरडून सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. दादा हसायचा. गेल्या उन्हाळ्यात हेच मशीन दुरुस्त करून तो घरी आला, आणि त्या संध्याकाळपासून त्याला दम लागायला लागला. डॉक्टर बदलले, औषधं बदलली. दम काही गेला नाही.

तळघरातला बोळ लांबलचक. भर दुपारीही तिथे उजेड नव्हता, एक ट्यूबलाइट तेवढी फडफडत होती. ओल्या फरशीचा आणि फिनेलचा वास नाकात बसत होता. धाकट्याने मशीनचा मागचा पत्रा काढला. कॉम्प्रेसर चालू होता, चांगला तापला होता, पण गारवा आत पोचत नव्हता. नळी बुजलेली होती.

"बघ दादा, तुझी फुंकर," तो पुटपुटला, आणि त्याला एकदम रडू आलं. डोळे पुसून त्याने प्लग उपसला. बोळ गपगार झाला. मग त्याने नळी कापली.

जुना गॅस फुस्सदिशी निघून जातो. हा गेला नाही. हळूहळू येत राहिला… कोमट, ओलसर. त्याला लवंगेचा वास होता. दादाच्या गालात सदानकदा लवंग असायची. मध्येच तो झोत अडखळला, बारीक शीळ वाजली, आणि पुन्हा येऊ लागला. दादा झोपेत अगदी असाच अडखळायचा.

खिशातला फोन वाजला.

"भाऊजी… वर या. यांचा श्वास… थांबला हो…"

नकळत त्याने नळीच्या तोंडावर अंगठा दाबला.

"थांबा… घेतला! घेतला श्वास त्यांनी!"

अंगठ्याखाली काहीतरी ढकलत होतं, थकल्यासारखं. त्याने फोन कानाशी सावरला. अंगठा जरासा सरकला.

"भाऊजी… पुन्हा…"

आता न कळण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंगठ्याखालचा जोर ओसरत चालला होता. आत अडकलेला दादाचा श्वास संपत आला होता, आणि अंगठा काढला तर भाऊ हातचा जाणार होता. ज्या खोडीपायी भावाला जन्मभर बोल लावले, तीच धाकट्याने केली. नळी ओठांत धरली आणि छाती रिकामी होईपर्यंत फुंकली.

फुंकणं थांबवलं, तरी श्वास जातच राहिला. पलीकडून कोणीतरी ओढत होतं. तहानलेलं पोर घटाघटा पाणी पितं तसं. ओठ सुटेनात. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा कुठे त्याने चाचपडत पक्कड उचलली, नळी चिमटून बंद केली आणि तो तिथेच कोसळला.

शुद्धीवर आला तेव्हा मशीन घरघरत होतं. काचेमागच्या बाटल्यांवर दव धरलं होतं. नवा गॅस भरायचा सिलिंडर अजून गाडीतच होता, आणि प्लग फरशीवर पडलेला होता.

भिंत धरत धरत तो वर गेला. दादा उशीला टेकून बसला होता. वहिनी हसतही होती आणि रडतही होती. डॉक्टर नुसतेच बघत उभे होते. दादाची नजर धाकट्यावर गेली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय केलंस, धाकट्या?"

"काही नाही… नळी बुजली होती."

"असं करायला नको होतंस रे…" दादा हळूच म्हणाला. "मला जाऊ द्यायचं होतंस…"

"काहीतरीच काय बोलता!" वहिनीने त्याला दटावलं. थर्मासमधला चहा कपात ओतून तिने धाकट्याच्या हातात दिला. "भाऊजी, घोटभर घ्या. किती गारठलाय हात तुमचा!"

चहा कढत होता. धाकट्याने सवयीने फुंकर घातली. वाफ सरळ वर जात राहिली. त्याने गाल फुगवले, कप अगदी ओठांशी नेला आणि पुन्हा फुंकर घातली. वाफ हलली नाही.

दादाने डोळे मिटून घेतले.

"फुंकून प्या ना, भाऊजी," वहिनी म्हणाली. "तोंड पोळेल."