घराकडेच चाललेत

बसा तेवाकी भावजी. दिव्याच्या काडीला जळायला अजून एक तेलबी लावा. उद्या तुमच्या भावाला शोधायला नाव समुद्रात लोटणारच असाल, तर आधी माझं ऐकून जा.

त्या दिवशी मी टेकडीवर बिळांत राहणारा समुद्रपक्षी आणायला गेले, नेहमीसारखीच. नवरा समुद्रावरून परतायच्या दिवशी बिळातला पक्षी शिजलाच पाहिजे, ही आपली रीत. निघताना हे चिडवून गेले होते, "मासा वाढलास तर दुसरं घर बघीन हं!" सासूबाई सांगायच्या, त्यांच्या आजोबांची नाव या बेटाला लागली तेव्हा टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी बिळं. आता हात घालावा ते बीळ रिकामं. अंडी आपल्याच नावांतून आलेल्या उंदरांनी खाल्ली, उरलेलं आपण. शेवटी एक मादी सापडली, अंड्यावर बसलेली. पळाली नाही हो ती. माणसाला भ्यायचं असतं, हे त्यांना कधी कळलंच नाही. मी तिची मान पिरगळली. अंडंही घेतलं. जीव चुटपुटला, पण रिकाम्या हाताने घरी कशी येणार?

तुम्ही नाव हाकणारे. सांजेला पक्षी परततात तिकडे जमीन, हे तुम्हाला लहानपणापासून पाठ. मग आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात कसं आलं नाही? पक्षी संपले तर आपली माणसं कुणाच्या मागे घरी येणार?

संध्याकाळी समुद्रावर धुकं उतरलं. खड्ड्याच्या भट्टीत पक्षी ठेवून, वर पानं-माती लोटून मी किनाऱ्यावर गेले. आधी वास आला, त्या बिळांचा, आंबूस. मग पंखांचा आवाज... खडकांच्या रांगेपलीकडून थवेच्या थवे चालले होते. मला वाटलं, देव पावला. पण ते इकडे वळलेच नाहीत. बेटाला बगल देऊन उघड्या समुद्राकडे निघून गेले. आणि त्यांच्या मागून, धुक्यातून, यांचा आवाज. हसत होते.

"आलो गं! पक्षी घराकडेच चाललेत!"

मी घसा फुटेस्तोवर ओरडले. लाटांपुढे माझं काय चालणार... आवाज लांब लांब गेला.

घरी येऊन भट्टी उघडली. पानं तशीच, दगड तापलेले. आत पक्षी नव्हता. अंडं मात्र तेव्हापासून त्या करवंटीत आहे, हात लावून बघा. गरम आहे ना? मी ते चुलीजवळसुद्धा नेलेलं नाही.

मीच मारलं तिला, भावजी. माझ्या हातांनी. म्हणून पाया पडून सांगते, समुद्रावर पक्षी दिसले तर त्यांच्या मागे जाऊ नका.

असं हुंगताय काय? वास ना... मलाही येतोय. रोज दिवेलागणीला येतो. मग हे मला हाक मारतात, मी कान झाकून घेते.

ऐकलंत?

आज माझं नाव नाही घेतलं. "तेवाकी," म्हणाले, "चल, घराकडेच चाललेत..."

भावजी, खाली बसा.