रडक्या स्प्रूसचं पाणी

एकाच कुंडीला दोघांचे हात लागले आणि दोघंही एकदमच म्हणाले, "ही मी नेणार!"

बारामतीच्या कृषी प्रदर्शनाचा तो शेवटचा दिवस. मांडव सुटायला लागले होते आणि हिमाचलहून आलेला एक रोपवाला उरलीसुरली झाडं परत कुठं नेऊ म्हणून वाटून टाकत होता. त्या कुंडीत कमरेएवढा विपिंग स्प्रूस होता, थंड मुलखातलं, नावानंच रडकं झाड. निळसर हिरव्या सुया, आणि सगळ्या फांद्या खाली सोडलेल्या… नुकतंच कुणी रागावल्यासारखा मान घालून उभा.

"सोडा की," उत्कर्षा म्हणाली. "कळसला नर्सरी हाय माझी. तुमी कुठं ठेवणार याला?"

"कोल्ड स्टोरेजमधी. लोणी देवकरला डाळिंबाच्या थंड खोल्या सांभाळतो मी. हे थंडीतलं झाड. तुमच्याकडं हाय का थंडी?"

"आणि तुमच्या खोलीत ऊन हाय का?"

तो हसला, पण कुंडी काही सोडली नाही. उत्कर्षानंही नाही. शेवटी रोपवाल्यानंच निवाडा केला. उन्हाळाभर झाड हिच्या शेडनेटच्या सावलीत, हिवाळ्यात महिनाभर याच्या थंड खोलीत. वर दोघांना बजावलं – फांद्या लोंबतात म्हणून तहानलंय असं समजू नका, त्याची ठेवणच तशी. दोन बोटं खोल माती कोरडी लागली तरच पाणी. मुळं सतत ओली राहिली, तर झाड गेलंच म्हणा.

थंड खोल्यावाल्याचं नाव मल्हार. चारला पाळी सुटली की तो वाट वाकडी करून रोज कळसला यायचा. मातीत दोन बोटं खुपसायचा, कपाळाला आठ्या घालायचा आणि म्हणायचा, "कोरडी हाय."

मग उत्कर्षा झारी भरून आणायची. नळ दहा पावलांवर, पण तिला दहा मिनिटं लागायची.

"विहीर खांदायला गेलता काय?" तो विचारायचा.

"घाई असंल तर जावा की. कोण धरून ठेवलंय?"

"कोणीतरी ठेवलंय…" तो म्हणायचा आणि झाडाकडं बघायचा. उत्कर्षाचे कान तापायचे. नर्सरीत काम करणाऱ्या साखरबाई मिरचीच्या रोपांआडून खोकायच्या. त्या खोकल्याला औषध नव्हतं.

मार्च संपता संपता मल्हारला दहा दिवस नाशिकला जावं लागलं, नव्या यंत्राचं काम शिकायला. चौथ्या दिवशी उत्कर्षानं स्प्रूसच्या फांदीवरून हात फिरवला आणि मूठभर सुया तळहातावर आल्या. तपकिरी. तिनं तर चार दिवस थेंबभरही पाणी घातलं नव्हतं, माती ओलीच लागत होती म्हणून. मग झाड वाळतंय कशानं?

खरं सांगायचं तर तिचा जीव नुसता झाडासाठी तुटत नव्हता. झाड मेलं तर मल्हार कळसला कशाला येईल? डाळिंबं थंड करणाऱ्या माणसाला टोमॅटोच्या रोपांशी काय देणंघेणं? त्याच्या येण्याला एवढा एकच धागा होता, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत झडत होता.

त्यातच वडिलांनी, महिपतीआबांनी, जेवताना विषय काढला. "रविवारी बावड्याचे पावणे येत्यात तुला बघाया. पोरगा चांगला हाय. तुझ्या मनात काय असंल तर आत्ताच बोल."

उत्कर्षा भाकरी मोडत राहिली. काय बोलणार? एक जण रोज झाड बघायला येतो, असं?

रोज मल्हारचा फोन यायचा. "कसं हाय आपलं झाड?"

ते 'आपलं' ती मनात दोनदा घोळवायची. "बरं हाय."

"सुया?"

"हिरव्यागार," ती म्हणायची आणि कुंडीखाली गळलेल्या सुया पायानं बाजूला सारायची.

शनिवारी दुपारी फटफटी वाजली. तो एक दिवस आधीच आला होता. उत्कर्षा धावत शेडनेटपाशी पोचली तेव्हा मल्हार झाडासमोर उभा होता. अर्धं झाड उघडं पडलं होतं.

"हिरव्यागार म्हणला होता तुमी," तो हळूच म्हणाला.

तिला मान वर करवेना. "खरं सांगितलं असतं तर… तुमी आला नसता."

मल्हारनं कुंडी आडवी केली, मुळांचा गोळा अलगद बाहेर ओढला. कुबट वास आला. निम्मी मुळं काळी, बोटांनी दाबली की लगदा होणारी. झाड वाळलं नव्हतं, बुडालं होतं.

नेमक्या त्याच वेळी साखरबाई आल्या, हातात पाण्यानं भरलेला तांब्या! तिघंही जागच्या जागी थिजले.

"आसं काय बघताय?" साखरबाई गडबडल्या. "मान टाकली व्हती लेकरानं. सकाळ-दुपार तांब्याभर घालतीया मी. कालव्याचं पाणी दारात असताना झाड तहानलेलं ठिवायचं व्हय?"

"मावशी!" उत्कर्षा कडाडली. "सांगितलं होतं ना, त्याची ठेवणच तशी हाय म्हणून!"

"त्यांस्नी बोलू नका," मल्हार म्हणाला. त्याचे हात चिखलानं भरले होते. "त्यांनी तांब्या घातला, मी रोज झारी ओतली. पाण्यानं झाड मरतं हे त्यांस्नी ठावं नव्हतं. मला ठावं हुतं… माती ओली असायची, उत्कर्षा. रोज."

"मग कोरडी का म्हणत होता?"

"ओली म्हणलो असतो तर लगेच निघावं लागलं असतं."

उत्कर्षाला हसू आणि रडू एकदमच फुटायला लागलं.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "तुमच्या आधी सकाळी मी बोट घालून बघायची. ओलीच असायची. तरी झारी आणायची मी…"

मागं कुणीतरी घसा खाकरला. आबा होते. कधीपासून उभे होते, देव जाणे.

"म्हंजी तिघांनी मिळून मारलं म्हणा झाड," ते म्हणाले.

मल्हार उठून उभा राहिला. घाम फुटला होता, पण नजर हलली नाही. "आबा, झाड जगंल का मरंल, मला सांगता येत न्हाय. पण मी झाडासाठी येत नव्हतो. उत्कर्षासाठी येत होतो. तुमी न्हाय म्हणला तर… न्हाय येणार."

आबांनी लेकीकडं पाहिलं. आत्ता गप्प राहिले तर आयुष्यभर गप्पच राहीन, हे तिला कळून चुकलं.

"बावड्याला फोन करा, आबा. येऊ नका म्हणावं."

"आन् कारण काय सांगू? झाडाला पाणी जास्त झालं?" आबा पुटपुटले. पण फोन काढायला त्यांचा हात बंडीच्या खिशात गेला होता.

संध्याकाळपर्यंत दोघांनी सडकी मुळं कापली आणि भरड वाळू मिसळून कुंडी पुन्हा भरली. साखरबाईंचा तांब्या आबांनी स्वतःच्या हातानं घरात नेऊन ठेवला. झाड वाचेल का, ते पावसाळा सरल्यावरच कळणार होतं.

"आता आठ-आठ दिवस पाणी लागणार न्हाय याला," निघताना मल्हार म्हणाला.

"ठावं हाय," उत्कर्षा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार. पाळी नव्हती, तरी फटफटी वाजली. मल्हारनं मातीत दोन बोटं खुपसली, बराच वेळ ठेवली.

"ओली हाय," तो म्हणाला. मातीत बोटं घालून तीन महिन्यांत पहिल्यांदाच खरं बोलला, आणि पालथ्या क्रेटवर निवांत बसला.

उत्कर्षा झारी आणायला गेली नाही. तिनं दुसरा क्रेट ओढला आणि त्याच्या शेजारी बसली.