दिवेलागणीनंतर दिलेलं

मोबाईल उलटे ठेवा बरं सगळ्यांनी. लाईट यायची तेव्हा येईल. आणि मधीच खिदळायचं असंल तर आत्ताच जिना उतरा, कारण ही गोष्ट हसण्यावारी नेलेली मला खपत नाय. ज्याच्यावर बेतली तो देवेश, माझ्या साडूचा पोरगा. अजून मुकुंदवाडीतच राहतो. विश्वास नसंल तर जाऊन विचारा.

साल दोन हजार एकोणीस. मृग कोरडा चालला होता. हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळत होती. वटपौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, मंगळवार. देवेश ऑफिसातून लवकर सुटला आणि गाडी काढून हर्सूलकडं निघाला. काम एवढंसंच, द्वारकाबाईच्या घरून एक डबा आणायचा.

जेवणाचा डबा नव्हं रे, छोटा कॉम्प्युटर. थांबा, नीट सांगतो.

हर्सूलच्या पल्याड, नव्या प्लॉटिंगच्या मधोमध एक सार्वजनिक विहीर होती. भर दुष्काळात पाणी होतं ते तिलाच. सगळी वस्ती तिच्यावर जगत होती. आणि एक बिल्डर रात्री ट्रकनं मुरूम आणून तिच्यात ओतत होता. बुजली की म्हणायला मोकळा, "इथं विहीर नव्हतीच!" तहानलेल्या माणसाच्या तोंडात माती घालायची, बेइमान कुठला! आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कुणी फोनवर शूटिंग केलं की त्याची माणसं फोन फोडायची. मग विहिरीसमोर राहणाऱ्या द्वारकाबाईनं आपल्या गच्चीवर कॅमेरा बसवू दिला, आणि वस्तीच्या मदतीला आलेल्या देवेशनं तीन डबे मांडले. एक तिच्या देवळीत, एक स्वतःच्या घरी, एक सोयगावला, दोस्त रामकिसनच्या दुकानात. कॅमेऱ्यातली फिल्म आधी बाईच्या डब्यात यायची, तिथनं तुकड्या-तुकड्यानं बाकी दोघांकडं जायची. एक डबा कुणी फोडला तरी माल दुसरीकडं शाबूत. पण हे डबे आपसूक बोलत नसतात. कुणाचा शेजारी कोण, हे प्रत्येकाला हातानं लिहून द्यावं लागतं. ह्यानं त्याचं नाव घ्यायचं, त्यानं ह्याचं. तरच दार उघडतं.

आता द्वारकाबाई. तोंडानं लई फटकळ, पण विहिरीवर जीव. टीव्हीला वायर जोडून रोज सकाळी आदल्या रातीची फिल्म बघायची. अन् दिवेलागण झाली की डब्याच्या नेटचं बटण बंद! कॅमेरा चालू, फिल्म डब्यात साठणार, पण बाहेर काही जाणार नाय.

"अहो मावशी," देवेश म्हणाला, "रात्रीच तर नेट मोकळं असतं. तेव्हाच तुकडे सरकतात."

"तिन्हीसांजेनंतर दूध, मीठ बाहेर देतो का आपण? घरातलं हे बी द्यायचं नाय."

"आणि कुणाला नड असली तर?"

"नड असली तर माणूस दारात येऊन मागतो. मग मी ताकात कोळशाचा खडा टाकून देते, म्हणजे दोष लागत नाय. तुझा डबा कधी दारात येतो का?"

दिवसा नेट रडायचं, रात्री बाई बंद करायची. महत्त्वाचे तुकडे तिच्यापाशीच पडून. एक दिवस देवेशचं डोकं फिरलं. "तुमच्या हट्टापायी विहीर जाईल!" बाईनं त्याला उंबऱ्याबाहेर काढलं. पठ्ठ्यानं घरी येऊन काय करावं? रागाच्या भरात दोन्ही डब्यांतून तिचं नाव खोडलं. अद्दल घडू दे म्हातारीला, चार दिवसांनी परत लिहीन.

चार दिवस कुठले! विहीर निम्मी बुजलेली, टँकरच्या रांगेत द्वारकाबाई उन्हानं कोसळली ती उठलीच नाय.

म्हणून त्या मंगळवारी तो डबा आणायला गेला. बुधवारी तहसीलला सुनावणी होती आणि ट्रकचे नंबर दिसणारी फिल्म फक्त बाईच्या डब्यात. दारात तिचा पोरगा विश्वजीत दात कोरत उभा.

"डबा? फेकला की."

"कुठं?"

त्यानं हनुवटीनं विहिरीकडं दाखवलं. "वरून दोन गाड्या मुरूम बी पडला. आईचं येड आईसंगं गेलं."

आई जाऊन महिना नव्हता झाला! देवेशनं त्याची कॉलर धरली. शेजाऱ्यांनी सोडवलं म्हणून, नाहीतर त्या दिवशी काही खरं नव्हतं.

रात्री दीडला तो आपल्या घरी स्क्रीनपुढं बसला. घरात एकटाच. सोयगावचा डबा जोडला, होतं-नव्हतं ते एकत्र केलं. फिल्म चालू झाली. अंधार. ट्रकचा उजेड. ट्रक वळतो... आणि चित्र गोठतं. पुढचा तुकडा नाय. त्यानं टेबलावर मूठ आपटली. बिल्डरचा राग, विश्वजीतचा राग, आणि सगळ्यात जास्ती स्वतःचा. त्या रागातच त्यानं द्वारकाबाईचं नाव पुन्हा लिहिलं. डबा मातीखाली आहे हे ठाऊक असून लिहिलं.

स्क्रीनवर उत्तर आलं. "जोडणी नाकारली."

देवेशनं ते दोनदा वाचलं. समजतंय का पोरांनो? जो डबा नाहीच, त्याच्याबद्दल मशीन म्हणतं, सापडला नाही. नाकारायला... पलीकडं कुणीतरी लागतं.

त्यानं पुन्हा लिहिलं.

नाकारली.

पुन्हा.

नाकारली.

"माझ्यावर राग काढा ना!" तो ओरडला. "नाव मी खोडलं! विहिरीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

स्क्रीनवर तेच. मग त्याला म्हातारीचं बोलणं आठवलं. नड असली तर माणूस दारात येऊन मागतो.

त्यानं गाडी काढली. जेलच्या भिंतीकडेनं पुढं गेला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. चंद्र वर आलेला. प्लॉटिंगचे पांढरे दगड दिसत होते. विहिरीपाशी आला. गाडी बंद केली. कुत्रं भुंकत होतं... तेही थांबलं.

मुरमाचा ढीग. तो काठाशी वाकला.

"मावशी..."

तो गुडघ्यावर बसला.

"मावशी, चुकलो. दारात आलोय. देता का?"

...

मातीच्या खालून, खोलातून, आवाज आला. टक्. बटण दाबल्यासारखा. एकदाच.

तो कसा परत आला, त्याचं त्यालाच ठाऊक नाय. दार उघडलं. स्क्रीन उजळलेली. तुकडे येत होते. एकेक, सावकाश. नाव होतं द्वारकाबाईचं. शेवटचा तुकडा आला आणि ते नाव गेलं. त्यानंतर परत कधी आलं नाय.

त्यानं फिल्म लावली. ट्रक वळतो. नंबर दिसतो. आणि ट्रकपुढं एक माणूस चालतोय, हातात बॅटरी, ड्रायव्हरला विहिरीची वाट दाखवतोय. तोंड उजेडात येतं.

विश्वजीत.

आता कळलं ना, म्हातारी रात्रीचं काही बाहेर का जाऊ देत नव्हती? रोज सकाळी एकटीच बघायची, पोटच्या पोराला. देवेश मला म्हणाला, "काका, ती माझ्याशी भांडत होती तेव्हा आतून जळत होती, आणि मी तिचं नाव खोडलं." एवढा मोठा गडी, ढसाढसा रडला.

सुनावणीत फिल्म चालली. मुरूम काढायचा हुकूम निघाला. विहीर आहे आज, पाणी बी आहे. विश्वजीत गाव सोडून गेला, बरं झालं गेला.

पण बुधवारी सकाळची एक गोष्ट राहिली. तहसीलला न्यायला म्हणून देवेशनं घरचा डबा उचलायला हात घातला. तिसऱ्या मजल्यावरचं घर त्याचं, गॅसवर स्वयंपाक, परत आल्यापासून दाराला आतून कडी. डब्याच्या झाकणावर, अगदी मधोमध, कोळशाचा खडा ठेवलेला होता. त्याला ताकाचा वास येत होता.