दोन गोळ्या आणि एक खोटं

उलटी टाकलेली होडी. तिच्या पोटाला फासलेलं डांबर उन्हात चकाकतं.

डोंबिवलीत एमआयडीसीच्या रासायनिक कारखान्यांकडून वारा सुटला की दोरीवरचे कपडे आत घ्यायचे. पांढरे असतील तर पळत.

सुका बोंबील विस्तवावर धरला की आधी वाकतो.

पापणीच्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, पिवळसर मऊ उंचवटा. बाजरीच्या दाण्याएवढा. दुखत नाही.

माणूस खोटं बोलला की त्याची शीर आत दडते. हे कुठल्या पुस्तकात नाही. हे मंजुळाचं मत.

"उपाशी आलात?"

"एकदम."

मंजुळाने लॅबच्या खुर्चीत बसलेल्या तरुणाच्या दंडाला रबराची नळी आवळली, सुई उचलली आणि थांबली. नाक वर करून तिने एक श्वास घेतला.

"बोंबील."

"काय?"

"भाजलेला. बरोबर तांदळाची भाकरी. चहाही झालाय."

"अर्धा कपच—"

नळी सटकन सुटली. "बाहेर एवढी मोठी पाटी आहे. डॉक्टरांनी सांगितलंय. मी काल फोनवर सांगितलंय. तरी तुम्ही भरल्यापोटी येऊन माझ्या तोंडावर खोटं बोलता?"

"आईने दिलं. आईला नाही म्हणवत नाही हो."

"मग आईलाच पाठवायचं होतंत रक्त द्यायला! उद्या या. फक्त पाणी पिऊन."

तो उठला. शर्टाची बाही हळूहळू खाली करत म्हणाला, "तुम्ही उद्या असाल ना?... म्हणजे, दुसरं कुणी टोचणार नाही ना?"

"मीच असेन. जाड सुई घेऊन."

तो हसला. मंजुळाला त्या हसण्याचा भयंकर राग आला.

हा नाथा. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला, वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करणारा, सुट्टीच्या दिवशी भावकीबरोबर खाडीत जाळं टाकणारा. वय अठ्ठावीस. अंगावर चरबीचा थेंब नाही, आणि रक्तात मात्र कोलेस्टेरॉल असं की रिपोर्ट पाहून मंजुळाने मशीन बिघडलं समजून तपासणी पुन्हा केली होती. पापणीतले ते पिवळे दाणे पाहून हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे खाण्यापिण्याचं नाही, जन्मतःच, घराण्यातून आलेलं आहे. रात्री घ्यायची एक नवी गोळी सुरू झाली. आकडा उतरला, पण पुरेसा नाही. मग सकाळची दुसरी आली.

दुसरी लिहून देताना डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं. "नाथा, ह्या दोन गोळ्या एकत्र देताना मी दहादा विचार करतो. दोघी मिळून एखाद्याचे स्नायू खातात. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं. आणि मध्येच अंग दुखायला लागलं, लघवीचा रंग बदलला, तर त्याच दिवशी दोन्ही बंद करायच्या आणि माझ्याकडे यायचं. कळलं?"

नाथाने मान हलवली होती. त्याला एवढंच कळलं होतं की दर महिन्याला रक्त द्यायचं.

आणि रक्त घेणारी होती मंजुळा. डोंबिवलीच्या जगन आणि शांताबाईंची थोरली, ठाण्याच्या त्या लॅबची टेक्निशियन. शेजारणी म्हणत, हिच्या नाकावर माशीसुद्धा परवानगी विचारून बसते.

महिने असे गेले—

"तुमच्या हातात जादू आहे. कळतच नाही टोचलेलं."

"जादू नाही, सुई आहे. हलू नका."

—

"आज उपाशी आहे. आईशी भांडून आलोय."

"शाबास. रडलात की नाही?"

"आई रडली."

—

"तुमचं नाव मंजुळा कुणी ठेवलं?"

"का?"

"आवाज ऐकला नसेल त्यांनी."

त्या दिवशी तिने कापूस असा दाबला की हातावर निळा डाग उमटला. पुढच्या महिन्यात तो डाग नव्हता, हे तिने आधी पाहिलं आणि मगच शीर शोधली. तिला राग आला. त्याचा नाही... त्याची तारीख आपल्याला पाठ झाली, ह्याचा.

ज्येष्ठ उजाडला. पाऊस नव्हता, नुसता घाम. खाडीवरच्या होड्या वर ओढून ठेवायचे दिवस. नाथा आला तेव्हा मंजुळा जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तो कठड्याला धरून चढत होता. एक पाय, मग दुसरा पाय त्याच पायरीवर. म्हाताऱ्यांसारखा.

"काय झालं?"

"कुठे काय? होडी वर ओढली. आख्ख्या कोळीवाड्याचं अंग दुखतंय. तुम्हा डोंबिवलीकरांना काय कळणार?"

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"ते गोळ्यांचं दुखणं. हे होडीचं." तो डोळा मिचकावत म्हणाला. "दुखण्यादुखण्यात फरक असतो, मॅडम."

बोलणं चोख होतं. पण सुई टोचायला गेली तर शीर सापडेना. हीच शीर, डोळे मिटूनही सापडणारी. रक्त घेतलं, तो कठड्याला धरून उतरून गेला आणि मंजुळाच्या डोक्यात काहीतरी तडतडायला लागलं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती खाली उतरली आणि थेट मासळी बाजारात गेली. नाथाच्या आईची, सगुणाची जागा तिला ठाऊक होती. नाथानेच बोलता बोलता सांगितली होती, कोपऱ्यातली, पिंपळाखालची.

"मावशी, तुमची होडी कधी ओढली?"

सगुणाने कोयता थांबवला. "तू कोन गो?"

"नाथाचं रक्त घेते ती."

"आगो बाय! पोराला उपाशी ठेवतेस ती तू?"

"आणि तुम्ही त्याला बोंबील चारता त्या! होडी कधी ओढली?"

बाजूच्या कोळणींनी माना वळवल्या. सगुणाशी ह्या आवाजात कुणी बोलत नसे. सगुणा कोयता पाटीत टाकून म्हणाली, "होडी भावकीच्या पोरांनी ओढली. हा हात लावायला नाय आला. पाय धरून वट्यावर बसलावता. मी बोलली, काय रं? तर बोलतो, कंपनीत काम लय हाय."

आईला कंपनी. लॅबला होडी.

"उठा, मावशी. घरी चला."

"माझी पाटी—"

"पाटी गेली खड्ड्यात!"

सगुणा उठली. घरी अंगणात नाथा चटईवर पडला होता. दोघींना एकत्र येताना पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावरच परत टेकला.

"लघवीचा रंग कसा आहे?" मंजुळाने विचारलं.

"अहो... आई आहे समोर."

"कसा आहे?"

"...चहासारखा."

"दुधाच्या की कोऱ्या?"

नाथाने तोंड भिंतीकडे वळवलं. "कोऱ्या."

सगुणाने तोंडावर पदर घेतला. मंजुळाने रिक्षा बोलावली.

इस्पितळात सलाईनवर सलाईन चढली. दोन्ही गोळ्या बंद. डॉक्टर म्हणाले, स्नायू विरघळून मूत्रपिंडात अडकायला लागले होते, आणखी थोडा उशीर झाला असता तर डायलिसिसच्या मशीनवर घालावं लागलं असतं. ते नाथावर ओरडले नाहीत. ओरडायला मंजुळा होती.

रंग निवळल्यावर एका संध्याकाळी ती त्याच्या खाटेशी उभी राहिली. बसली नाही.

"होडी ओढली नव्हती. मग दुखणं कसलं आहे ते तुला माहीत होतं."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाली, हे दोघांच्याही लक्षात आलं.

"माहीत होतं," नाथा म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर डॉक्टरांनी दुसरी गोळी बंद केली असती."

"करायलाच हवी होती!"

"एकच गोळी उरली की रक्त वर्षातून दोनदा. मी विचारलेलं त्यांना." तो चादरीचा धागा ओढत राहिला. "दोनदा म्हणजे... तू फक्त दोनदा दिसणार."

वॉर्डातला पंखा करकरत होता. असं काही ऐकल्यावर मुलीने लाजायचं असतं. मंजुळाचा चेहरा लाल झाला खरा, पण लाजेने नव्हे.

"मला बघायला तू स्वतःचे पाय जाळत होतास?"

"मला वाटलं—"

"मी काय देवी आहे? नवस फेडतोस? उद्या मेला असतास तर माझ्या नावाने मेला असतास. तुझ्या आईने बाजारात पाटीपुढे बसून काय सांगितलं असतं लोकांना? लॅबवालीपायी गेला?" तिचा आवाज चिरकला. "असलं प्रेम नको मला. घाण वाटते मला असल्या प्रेमाची. भेटायचं होतं तर तोंड नव्हतं? डोंबिवलीला यायचं. दार वाजवायचं. माझे बाबा काय खातात का माणसं?"

"आमच्यात-तुमच्यात... आई काय म्हणेल, तुझे बाबा काय—"

"ते विचारायला भ्यालास. गोळ्यांना नाही भ्यालास!"

ती निघाली. दारात सगुणा डबा घेऊन उभी होती. सगळं ऐकलेलं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"पोरी, तुमी कोनात?"

"बौद्ध." मंजुळाने मान ताठ केली. "अजून काही विचारायचंय?"

"हां. ह्याला भात चालंल का मऊ?"

"...चालेल. मीठ कमी."

"आनि तू जेवलीस का?" सगुणाने विचारलं. मंजुळा जिना उतरली आणि खालच्या नळावर बराच वेळ तोंड धूत राहिली.

त्यानंतर ती इस्पितळात गेली नाही. नाथाला एकच गोळी पुन्हा सुरू झाली, लहान डोसची. दुसरी तिच्यासोबत कधीच नाही, असं डॉक्टरांनी केसपेपरवर लाल शाईने लिहिलं. नाथा लॅबमध्ये आला नाही. येण्यासारखं काही नव्हतं. मंजुळा रोज जिन्याकडे पाही आणि रोज स्वतःवर चिडे.

रविवारी दुपारी डोंबिवलीत दार वाजलं. दार जगनने उघडलं.

"मी नाथा. चेंदणीचा. तुमच्या मुलीशी खोटं बोललो होतो. ते आधी सांगायला आलोय. बाकीचं नंतर विचारेन."

जगनने चष्म्यावरून पाहिलं. "कसलं खोटं?"

नाथाने उभ्यानेच सांगितलं. गोळ्या, होडी, कंपनी, चहाचा रंगसुद्धा. आत शांताबाईंच्या हातातली पळी थांबली. मंजुळा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. चेहरा अजून तसाच, नाकाचा शेंडा लाल.

"वेडा आहेस का रे?" जगन म्हणाला.

"होतो."

"आता?"

"आता डाव्या पोटरीत दुखतंय," नाथा म्हणाला. मंजुळाकडे बघून. "तुमचे जिने चढलो म्हणून असेल. नसेलही. पण दुखतंय, ते सांगतोय."

कुणी काही म्हणायच्या आत मंजुळा पुढे आली आणि आई-बापासमोर फरशीवर बसली. त्याच्या पँटची मोहरी वर करून तिने पोटरी दाबली.

"इथे?"

"थोडं खाली."

"इथे?"

"हं."

"उद्याच डॉक्टरांना दाखवायचं. मी येणार बरोबर."

"अजून रागावली आहेस?"

"हो."

"किती?"

तिने हात काढला नाही. "जन्मभर पुरेल एवढी."

जगनने घसा खाकरला आणि शांताबाईंना आणखी एक ताट वाढायला सांगितलं.

नाथाचे वडील दामाजी चौतिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले, होडी किनाऱ्याला लागता लागता. त्यांचं रक्त कधी कुणी तपासलं नव्हतं.