जळक्या केसांचा वास

जवळ सरकून बसलाच आहात, तर ऐका. अण्णा म्हणजे माझा जुना सोबती, रुग्णवाहिका चालवायचा. थापा मारणं त्याला जमायचंच नाही, मारली तरी लगेच पकडला जायचा.

मागच्या जानेवारीतला शेवटचा गुरुवार, रात्रीचे अकरा. गावाबाहेरच्या एका घरातून बोलावणं आलं. बाईला तीन दिवस ताप होता. एक पेशंट उतरला की गाडी आतून धुऊन पुसायची, हा अण्णाचा नेम, त्यामुळे गाडी लख्ख होती. बाईला झोपवलं, नवरा समोरच्या बाकावर बसला. डोकं फार तापायचं म्हणून बाईचे केस पार बारीक कापलेले होते.

वाटेत ती म्हणाली, "कुणाचे तरी केस जळताहेत."

"गप पड," नवरा म्हणाला.

अण्णाच्या मनात पाल चुकचुकली. या माणसाची पहिली बायको स्टोव्हच्या भडक्यात गेली होती. भडका कसा उडाला, ते गावात कुणी विचारलं नव्हतं.

"अहो, ती बघा ना... तुमच्या शेजारी बसलीय."

अण्णाने आरशात पाहिलं. बाई आणि नवरा. दोघंच. पण वास... वास अण्णालाही आला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही वेगळं बोलत होती का? नवरा म्हणाला, छे, नुसता ताप, डासांचा असेल. अण्णाला राहवलं नाही. तिला आलेला वास आणि नवऱ्याशेजारी दिसलेली बाई, दोन्ही त्याने सांगून टाकलं. स्वतःला वास आला, ते मात्र गिळलं.

डॉक्टरीणबाई थबकल्या. "मेंदूला सूज येण्याची कारणं वेगवेगळी असतात. डासामुळे आली तर बऱ्याचदा हातपाय थरथरतात, झटके येतात. पिसाळलेलं कुत्रं चावलं असेल तर पाणी बघूनच घसा आवळतो. कधी शरीर स्वतःच्याच मेंदूवर उलटतं, तेव्हा आधी वागणं बिघडतं, ताप असतोच असं नाही. पण ताप, आणि वर जो नाहीच तो वास येणं... ओठावर पुळ्या आणणारा विषाणू मेंदूत शिरला की असं होतं. याला औषध आहे, फक्त उशीर चालत नाही."

तपासणीची वाट न बघता त्यांनी सलाइनमधून औषध सुरू केलं. बाई वाचली. अण्णा गप्प बसला असता, तर गेली असती.

त्या रात्री अण्णाचा जीव भांड्यात पडला. वास बाईच्या मेंदूतला होता तर.

मग... आपल्या नाकात कुठून आला?

तो गाडी धुवायला गेला. दार उघडलं. वास.

बाकावर, नवरा बसला होता त्याच्या शेजारी, केसांची एक बट पडली होती. हातभर लांब. टोकाला जळलेली.

अण्णाने ती उचलली...

अजून गरम होती.