आवाज हॉलमध्ये गेला होता

समजा, बाळांनो, तुम्ही परतवाड्याच्या एका छोट्या बालवाचनालयात बसला आहात. बाहेर पावसाची भुरभुर, आत संगणकावर बोलकी गोष्ट लागायची वेळ... आणि संगणक मुका! सकाळीच त्याला चालवणारी लिनक्स प्रणाली अपडेट झाली, आणि तेव्हापासून पडद्यावरचा कोल्हा नुसतंच तोंड हलवतो आहे.

म्हणून बडनेऱ्याहून संगणक दुरुस्त करणारा विपुल आला होता. वाचनालय चालवणारी पौर्णिमा त्याला पहिल्यांदा भेटली ती बसमध्ये. त्याच्या मांडीवर मॉनिटर, खाली लोंबणारी वायर. "तुमची वायर माझ्या पायात येऊन राहिली," म्हणत तिनं ती उचलली आणि परतवाडा येईपर्यंत हातातच धरून ठेवली. तेव्हापासून विपुलच्या मनात काहीतरी होतं... ओठांवर मात्र येत नव्हतं. आणि सोमवारी पौर्णिमा नव्या नोकरीसाठी अकोल्याला निघणार होती.

"सापडला का आवाज?" तिनं विचारलं.

"शोधून राहिलो."

"अपडेट वेळच्या वेळी करत जा, असं तुमीच सांगितलं होतं न?"

"म्हणून तर धावत आलो."

ती हसली. "मी पोरांले नुसती चित्रं तरी दाखवते," म्हणून शेजारच्या हॉलमध्ये टीव्ही लावायला गेली. संगणकाची एक लांब वायर तिथवर नेलेली होती.

विपुलनं घाई केली नाही. आवाजाचं बटण चालू होतं, स्पीकरची वायर घट्ट होती. मग माइक तरी जिवंत आहे का पाहावं, म्हणून त्यानं रेकॉर्डिंग सुरू केलं. मुक्या यंत्रापुढे माणूस मोकळा होतो.

"पौर्णिमा... मागच्या दोन खेपा हा संगणक चांगला होता. मी तुमाले पाहाले आलो होतो. तुमी अकोल्याले गेल्या, तर मी—"

पुढचंही तो बोलला, आणि मग ते सारं लावून पाहिलं. पडद्यावरच्या हिरव्या रेघा नाचू लागल्या, स्पीकर मात्र गप्प. म्हणजे आवाज निघत होता, फक्त इथं येत नव्हता. मग जात कुठं होता? त्यानं सेटिंग उघडलं. अपडेटनं स्पीकर सोडून टीव्ही निवडला होता.

हॉलमधून पोरांच्या हसण्याची लाट आली.

विपुलनं पटकन पुन्हा स्पीकर निवडला. तेवढ्यात सात वर्षांची तुबा धावत आली. "सर, तुमी टीव्हीत बोलून राहिले होते."

तिच्यामागे, दारात, पौर्णिमा. कान लाल झालेले.

"दोनदा काहीच बिघडलं नव्हतं?"

"नाही."

"मले ठाऊक होतं. चांगल्या संगणकाले कोणी दीड तास पाहते का?"

"मग बोलल्या काहून नाही?"

"तुमी कधी बोलता, ते पाहून राहिली होती."

तो खाली पाहत म्हणाला, "अकोल्याच्या हापिसातले संगणक... बिघडत असतील न?"

"बिघडवता येतील." ती एक पाऊल आत आली. "पण 'तुमी गेल्या, तर मी' — त्याच्या पुढचं पोरांच्या हसण्यात ऐकूच आलं नाही. सांगा न."

विपुलचे ओठ हलले. पडद्यावरच्या कोल्ह्यासारखे.

तुबानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग ती खुर्चीवर चढली, आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवली, आणि तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.